मंगळवारची थांबलेली साखळी

पाळकसाहेब माझ्या दुकानात आले तेव्हा मी मागच्या गल्लीतल्या अर्जंटबाईंची शिलाई मशीन उलटी करून बसलो होतो. पाळकसाहेब दुकानात कधी येत नाहीत, त्यांच्या घरी शिलाई मशीनच नाही. मला वाटलं, चर्चच्या हॉलमधला पंखा पुन्हा बिघडला असेल. जो मशीन दुरुस्त करतो तो पंखा, इस्त्री, कुलूप सगळंच दुरुस्त करतो, असं आमच्या मंडळीतल्या लोकांना वाटतं. मी वर न बघताच म्हणालो, "साहेब, आज नाही जमायचं. ही अर्जंट आहे."

ते म्हणाले, "काका, हात पुसा आणि चला."

काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. हाताला तेल होतं, ते चिंधीने पुसत राहिलो. हात स्वच्छ झाले तरी पुसत होतो. शेवटी समोरचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावर साबण तसाच ठेवून रस्ता ओलांडून आला आणि त्याने माझ्या हातातली चिंधी काढून घेतली. "मिस्त्री, तुम्ही जा. दुकान मी बंद करतो," म्हणाला. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. पाळकसाहेबांचं तोंड बघून त्याला कळलं होतं. मलाच कळत नव्हतं.

रस्त्याने चालताना त्यांनी सांगितलं, "काकूंना प्रभूने नेलं. प्रार्थनेत होत्या. बसल्या जागी."

माझी बायको दर मंगळवारी दुपारी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये जायची. तिथे बायकांची प्रार्थना असते. खुर्च्या गोल मांडतात. आधी प्रत्येकीने आपल्या उजवीकडे बसलेलीच्या कानात आपलं एक मागणं सांगायचं. मग सगळ्यांनी डोळे मिटायचे. पहिलीने आपल्याला सांगितलेलं मागणं देवापुढे मांडायचं आणि झालं की उजवीकडच्या बाईच्या हाताला हात लावायचा. मग तिचा नंबर. स्वतःसाठी कुणी मागायचं नाही, शेजारणीसाठी मागायचं. गोल पूर्ण होईपर्यंत डोळे उघडायचे नाहीत. याला त्या साखळी म्हणतात. एखाद्या दिवशी काही कारणाने साखळी मधेच सोडावी लागली, तर पुढच्या वेळी जिथे थांबली तिथूनच धरायची. हा सगळा नियम माझ्या बायकोनेच घालून दिलेला.

आणखी एक गोष्ट तिनेच त्यांना शिकवली होती. आपला नंबर आला की लगेच बोलायला लागायचं नाही. आधी गप्प बसायचं. ती म्हणायची, "घरात शिरल्या शिरल्या कुणी मागायला सुरुवात करतं का? जरा टेकावं, श्वास घ्यावा." ती स्वतः तर बराच वेळ गप्प राहायची. नव्या बायका चुळबुळ करायच्या. जुन्यांना सवय झाली होती.

त्या दिवशी तिच्या डावीकडे अर्जंटबाई होत्या. त्यांनी आपली प्रार्थना केली आणि माझ्या बायकोच्या हाताला हात लावला. मग सगळ्या जणी डोळे मिटून थांबल्या. तिचं नेहमीचंच गप्प बसणं आहे, असं सगळ्यांना वाटलं. किती वेळ थांबल्या, ते मी नंतर विचारलं. एक म्हणाली थोडाच वेळ, दुसरी म्हणाली बराच वेळ. पाळकसाहेबांची बायको नुसती रडली.

मी पोचलो तेव्हा तिला सतरंजीवर झोपवलं होतं. खुर्च्या अजून गोलच होत्या.

नंतरचे दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. जो येईल तो म्हणे, "काय मरण आलं बाईला! प्रार्थनेत गेली. असं भाग्य कुणाला मिळतं?" मी मान हलवायचो. मान हलवून हलवून मानेला रग लागली. मी डॉक्टरांना विचारलं होतं. कुणी लगेच बघितलं असतं तर? ते म्हणाले, "अशा वेळी बहुतेक काही करता येत नाही." त्या वाक्यातला "बहुतेक" तेवढा माझ्याजवळ राहिला. भाग्य म्हणणाऱ्यांना मी तो सांगितला नाही.

माझी मेहुणी माझ्याकडे राहायला आली. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली आहेत, ती मोकळी आहे, आणि तिची जीभ तिच्याहून मोकळी आहे. पहिल्या दिवशी तिने ताटं वाढली आणि आम्ही समोरासमोर बसलो. वाफ निघत होती. मी बसून राहिलो, तीही बसून राहिली.

"भावोजी, करा ना."

"काय?"

"काय म्हणजे? जेवणाआधी काय करतात?"

मी डोळे मिटले. थोडं थांबून म्हणालो, "आमेन."

"अहो, आमेन कसला? सुरुवात तर होऊ द्या!"

"मला तेवढंच येतं."

हे मी चेष्टेत म्हणालो नव्हतो, पण ती हसली, मग रडली, आणि जेवण गार झालं. खरंच मला तेवढंच येत होतं. लग्न झालं तेव्हापासून घरात प्रार्थना ती करायची आणि शेवटी आमेन मी म्हणायचो. पाठ केलेल्या प्रार्थना मला चर्चमध्ये सगळ्यांबरोबर म्हणता येतात, पण स्वतःच्या शब्दांत देवाशी बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. मी तिला म्हणायचो, "अगं, तुझं बोलणं झालं की माझं वेगळं काय उरतं?" ती म्हणायची, "असू द्या. आमेनला हजर असता तेवढं पुरे. नाहीतर जेवायला तरी कोण थांबतंय इथे!"

माझं काम निरोप्याचं होतं. दुकानात मशीन आणणाऱ्या बायका दोऱ्याचं, सुईचं बोलून झाल्यावर हळूच म्हणायच्या, "भाऊ, ताईंना सांगा, माझ्या सासऱ्यांचं ऑपरेशन आहे," किंवा, "ताईंना सांगा, आमच्याकडे पुन्हा ते सुरू झालंय." ते म्हणजे काय, हे मी विचारत नसे. संध्याकाळी घरी जाऊन सांगायचो. ती काम करता करता ऐकायची आणि झोपायच्या आधी एकेकीचं नाव घेऊन देवाला सांगायची. माझ्याकडून नाव चुकलं तर ओरडायची. "मधल्या जावेचं म्हणाली होती की धाकट्या? नीट सांगा हो, तिथे चुकीचं जायला नको."

दुकान पुन्हा उघडल्यावर एक दिवस काज-बटणवाली आली. तिने मशीनचा पट्टा बदलून घेतला आणि जाता जाता म्हणाली, "ताईंना सांगा, माझ्या भावाचं..." आणि थांबली. मी तोपर्यंत हो म्हणून बसलो होतो. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. ती पट्ट्याची पिशवी घेऊन गेली. तिच्या भावाचं काय, ते मला कळलंच नाही.

अर्जंटबाईंची मशीन तशीच उलटी पडून होती. या बाई आमच्या मागच्या गल्लीत राहतात आणि शाळांचे गणवेश शिवतात. त्यांचं प्रत्येक काम अर्जंट असतं, म्हणून सगळे त्यांना अर्जंटबाई म्हणतात. त्यांनाही ते माहीत आहे. मशीन टाकली की सकाळी येणार, दुपारी येणार, "भाऊ, झालं का?" म्हणून दारात उभ्या राहणार. त्या आता फिरकल्याच नव्हत्या.

न्हावी म्हणाला, "मिस्त्री, अर्जंटबाईंची मशीन अजून इथे? जगबुडी जवळ आली म्हणायची."

मशीनकडे बघितलं की मला तो हात लावणं आठवायचं. जिला चहाचं पाणी उकळेपर्यंत धीर निघत नाही, ती बाई त्याच दिवशी नेमकी थांबून राहिली. ज्या दिवशी घाई करायची, त्या दिवशी केली नाही. मला तिचा राग येत होता आणि तो कुणाला सांगता येण्यासारखा नव्हता.

मग एक दिवस पाळकसाहेब पुन्हा आले. या वेळी न्हाव्याने कात्री थांबवून माझ्याकडे बघितलं. मी हातानेच सांगितलं, काही नाही.

पाळकसाहेब स्टुलावर बसले. म्हणाले, "काका, बायका मंगळवारी येतात, गाणी म्हणतात आणि घरी जातात. साखळी धरत नाहीत. काकूंच्या नंबरवर थांबली आहे ना. तिथून धरायची तर त्या खुर्चीवर कोण बसणार? कुणी तयार नाही. त्यांना सोडून पुढे जायलाही कुणाचं मन होत नाही."

"मग तुम्ही करा ना त्यांच्या वतीने. तुमचा तर रोजचा धंदा आहे."

ते हसले नाहीत. "मी म्हणालो होतो. पण काकूंना जे मागायचं होतं ते मला माहीत नाही. अर्जंटबाईंनी ते काकूंच्याच कानात सांगितलं. त्या आता प्रार्थनेलाच येत नाहीत. चर्चलाही नाही. मी घरी गेलो तर म्हणाल्या, कामाची घाई आहे."

"त्यांची मशीन इथे आहे," मी म्हणालो. "घाई कशाची असणार?"

पाळकसाहेबांनी मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. ते तरुण आहेत, पण मूर्ख नाहीत. ते उठून गेले.

त्या दिवशी मी मशीन उघडली. बाईंची तक्रार होती की खालचे टाके सैल पडतात. बॉबिन बसते त्या जागेत दोऱ्याचा एक तुकडा गुंडाळून बसला होता. चिमट्याने काढला, कचरा झटकला, तेल दिलं, चिंधीवर शिवून बघितलं. पहिल्याच दिवशी झालं असतं असं काम होतं. दुपारी मशीन हातगाडीवर घातली आणि त्यांच्या घरी नेली.

त्यांची एकच मोठी खोली आहे. खिडकीखाली मशीनची रिकामी जागा, बाजूला कापलेल्या बाह्यांचा ढीग. त्या जमिनीवर बसून हाताने बटणं लावत होत्या. मला बघून उठल्या, पण माझ्याकडे बघेनात.

"भाऊ, तुम्ही कशाला आणलीत? मी आले असते."

"आला नाहीत ना."

मशीन जागेवर बसवली, पट्टा चढवला. त्यांनी पाण्याचा पेला आणून दिला. मी तो हातात धरून उभा राहिलो. जावं की बसावं, कळेना. त्यांनीच सुरुवात केली.

"भाऊ, डॉक्टर काय म्हणाले होते? मी लगेच डोळे उघडले असते तर?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. वाटेत मी उत्तरही ठरवलं होतं. काहीही करता आलं नसतं, असं सांगायचं आणि मोकळं व्हायचं. पण ती बाई माझ्या तोंडाकडे अशी बघत होती की मला ते जमलं नाही.

"म्हणाले, बहुतेक काही करता आलं नसतं."

"बहुतेक."

"हो. बहुतेक."

त्या खाली बसल्या. मीही मशीनच्या स्टुलावर बसलो.

"मी हात लावला तेव्हा ताईंचा हात गरम होता," त्या म्हणाल्या. "नेहमीसारखाच. मग मी वाट बघत बसले. मला कळत होतं, आज जास्तच वेळ झालाय. एकदा वाटलं, बघावं. पण माझंच मागणं होतं ना. मला वाटलं, ताई आज माझ्यासाठी जास्त वेळ गप्प बसल्यात. माझ्यासाठी! मला बरं वाटत होतं, भाऊ. तिथे त्या... आणि मला बरं वाटत होतं."

मी पेल्यातलं पाणी प्यालो. माझा राग मी इतके दिवस सांभाळून ठेवला होता. आता तो ठेवायला जागा सापडेना.

"आता डोळे मिटले की तेच येतं," त्या म्हणाल्या. "म्हणून मिटतच नाही. झोपसुद्धा लागत नाही. प्रार्थना काय करणार?"

"काय सांगितलं होतं तुम्ही तिच्या कानात?"

त्यांनी जमिनीवरची बटणं गोळा केली. मग म्हणाल्या, "माझी पोरगी."

त्यांची मुलगी घर सोडून गेली होती. आईशी भांडली, पिशवी भरली आणि दुसऱ्या गावी कामाला लागली. फोन केला तर उचलत नाही. आजूबाजूला सगळ्यांना सांगितलं होतं की ती शिकायला गेली आहे. खरं फक्त माझ्या बायकोला माहीत होतं, तेही त्या दिवशी, प्रार्थना सुरू व्हायच्या आधी कळलेलं.

"ते तसंच राहिलं," त्या म्हणाल्या. "ताईंनी ऐकलं, मान हलवली, पण पुढे गेलंच नाही. दुसऱ्या कुणाला सांगायचं माझ्याच्याने होत नाही. भाऊ, तुम्ही करा."

"मी?"

"ताईंचे निरोप तुम्हीच न्यायचात ना."

"घरापर्यंत न्यायचो. पुढे ती न्यायची."

"आता तुम्हीच न्या."

मी खरंच सांगितलं की मला येत नाही. जेवणाआधीसुद्धा मी नुसता आमेन म्हणतो आणि मेहुणी त्यावरून मला बोलते. त्या म्हणाल्या, "मला तरी कुठे येत होतं? ताईंनी शिकवलं. तुम्ही डोळे मिटा, भाऊ. मी उघडे ठेवते. मी बघत राहते तुमच्याकडे."

त्या समोर येऊन बसल्या, अगदी जवळ, आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघायला लागल्या. मला हसू येईल असं वाटलं. नाही आलं. डोळे मिटले. आधी गप्प बसायचं एवढं मला माहीत होतं, तेवढं मी बसलो. गल्लीत कुणीतरी बादली ओतली. मग बाई हळूच म्हणाल्या, "भाऊ, आहात ना?"

"आहे."

"बरं. करा."

मी म्हणालो, "प्रभू, मी बोलतोय. तिचा नवरा."

घसा खाकरला. देवाला सगळे अरे-तुरे करतात, ती पण करायची. माझ्याच्याने झालं नाही, तेवढी ओळख वाटेना.

"या बाईंची मुलगी घरातून निघून गेली आहे. हे आमच्या हिला तुम्हाला सांगायचं होतं, त्याआधीच तुम्ही तिला नेलंत. म्हणून मी सांगतोय. दोघींचं भांडण झालं. चूक कोणाची ते तुम्हाला माहीत."

"माझीच होती म्हणा," बाई म्हणाल्या.

"बाई म्हणतात त्यांचीच होती."

"थोडी तिचीही."

"थोडी मुलीचीही. तर तिला आईला फोन करायची बुद्धी द्या. लवकर द्या."

"घाई करू नका हो," बाई कुजबुजल्या. "ताई कधी घाई करायच्या नाहीत."

"घाई नाही, प्रभू."

"तशी आहे थोडी."

"थोडी आहे. आणि या बाईंना झोप द्या. त्यांना डोळे मिटता येऊ द्या."

हे शेवटचं त्यांनी मला सांगितलेलं नव्हतं. ते कुठून आलं, माहीत नाही. पुढे काय म्हणायचं ते कळेना, म्हणून थांबलो. मी थांबलो आणि बाईही थांबल्या. मग माझ्या लक्षात आलं की आमेन म्हणायचा राहिलाय. पण तो नेहमी दुसऱ्याच्या बोलण्यावर म्हणायची सवय, स्वतःच्या बोलण्यावर म्हणवेना.

बाईच म्हणाल्या, "आमेन."

मी डोळे उघडले. त्या अजून बघत होत्या. त्यांचे डोळे लाल होते, पण न झोपलेल्या माणसाचे असतात तसे, रडून झाल्यासारखे नव्हते. त्यांनी मशीनवर एक बाही ठेवली आणि शिवून बघितली. टाका उलटून पाहिला. "बरा येतोय," म्हणाल्या. मी रिकामी गाडी घेऊन दुकानात आलो.

पुढच्या मंगळवारी बाई हॉलमध्ये गेल्या. हे मला पाळकसाहेबांच्या बायकोने सांगितलं. खुर्च्या गोल मांडल्यावर बाईंनी सगळ्यांना सांगितलं, ताईंचा नंबर झाला, भाऊंनी केला, आता पुढचीपासून धरा. कुणी काही विचारलं नाही. साखळी पुढे गेली. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते, बाईंचे तेवढे उघडे होते. त्या एकेकीच्या तोंडाकडे बघत बसल्या होत्या, शेवटपर्यंत. पाळकसाहेबांची बायको म्हणाली, "आम्ही त्यांना काही म्हणालो नाही. एकीने बघत राहिलेलंच बरं."

त्या संध्याकाळी जेवताना मी हे मेहुणीला सांगितलं. मी प्रार्थना केली, हेही सांगितलं. तिने डाव खाली ठेवला.

"तुम्ही? मोठ्याने? आणि मला इथे रोज नुसता आमेन?"

"तिथे मागायचं होतं."

"आधी आभार मानलेत का?"

आमच्या हिचा तोही एक नियम होता. आधी आभार, मग मागणं. दिवस कितीही वाईट गेलेला असो, ती आधी कशाचे तरी आभार मानायची. एकदा दुकानाचं छप्पर गळून एका गिऱ्हाइकाची मशीन गंजली, तेव्हा तिने दुसऱ्या मशीन वाचल्याचे आभार मानले होते आणि मी चिडून आमेन म्हणालो नव्हतो. माझ्या प्रार्थनेत आभार नव्हते. मी थेट मागायलाच सुरुवात केली होती. घरात शिरल्या शिरल्या.

"नाही मानले," मी म्हणालो.

"मग आता माना. तिचे माना. इतकी वर्षं दिली तुम्हाला."

मी डोळे मिटले. मेहुणी थांबली. मी बराच वेळ बसलो. मग तिने हाक मारली, "भावोजी?" आणि मी डोळे उघडले, कारण तिच्या आवाजात भीती होती. आता आमच्यात कुणी जास्त वेळ गप्प बसलं की दुसऱ्याला भीती वाटते.

"जेवा," ती म्हणाली. "राहू दे आज."

तेव्हापासून जेवणाआधी ती दोन वाक्यं म्हणते आणि मी आमेन म्हणतो. दुकानात बायका पुन्हा निरोप सांगायला लागल्या आहेत. ते मी घरी आणतो आणि झोपायच्या आधी, जमेल तसे, पुढे सांगतो. नावं चुकू नयेत म्हणून दोनदा विचारून घेतो. काज-बटणवालीला तिच्या भावाचं काय ते विचारलं, तेही सांगितलं.

अर्जंटबाईंच्या मुलीचा फोन अजून आलेला नाही. बाई डोळे उघडे ठेवूनच प्रार्थना करतात. आणि माझ्या बायकोबद्दल देवाचे आभार मानायचे माझे राहिले आहेत.